त्र्याण्णव नंबरची चौकट

मी एक जुनी हजेरीची फळी आहे. मित्रांनो, लाकडाच्या जातीला भ्यायला तीनच गोष्टी असतात: वाळवी, पाणी आणि चूल. या तिन्हींना मी आता सरावले आहे. मला भीती वाटते ती निळ्या शाईने केलेल्या एका सुबक सहीची. आजही सोमवारी सकाळी आठच्या तासाला माझ्यावर नवा कागद चढला, की माझ्या चिमट्याची स्प्रिंग थरथरते. लोकांना वाटते, स्प्रिंग जुनी झाली. स्प्रिंग ठणठणीत आहे. घाबरते ती मी.

माझा जन्म एका वैद्यकीय महाविद्यालयात झाला. तिथल्या व्याख्यानगृहात एक बाक मोडले होते. त्याची पाठ सुताराने सोडवून घेतली, कापली, रंधा मारला आणि वरच्या कडेला पोलादी चिमटा ठोकला. काम करताना तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "डॉक्टरकीची पोरं अभ्यासात पाठ टेकत नाहीत म्हणे. ही पाठ तर टेकून टेकून गुळगुळीत झालीय!" माझ्या मागच्या अंगावर कुणा जुन्या विद्यार्थ्याने कंपासच्या टोकाने हृदय कोरले होते. प्रेमाचे नव्हे, चार कप्प्यांचे. त्यातली एक झडप चुकली होती. सुताराने तिथे रंधा मारला नाही, म्हणाला, "राहू दे, कुणाची तरी मेहनत आहे." ते हृदय अजून माझ्या पाठीवर आहे. मुले मला पॅड म्हणतात. सुतार फळी म्हणाला होता, मला तेच नाव आवडते.

माझे काम सोपे होते. दर सोमवारी कारकूनकाका माझ्यावर एक लांबलचक कागद लावत. त्यावर एकशे वीस विद्यार्थ्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे सहा चौकटी, आठवड्याचे सहा दिवस. व्याख्यानगृह पायऱ्यापायऱ्यांचे. तास सुरू झाला की मला पहिल्या बाकावर ठेवायचे आणि मी हातोहात वर चढत जायचे. शेवटच्या बाकावर पोहोचले, की पुन्हा खाली. जो हजर त्याने आपल्या चौकटीत सही करायची. जो नाही त्याची चौकट रिकामी.

मित्रांनो, तुम्ही माणसे चेहऱ्यावरून ओळखता. मी हातावरून ओळखते. कुणाचा हात शवविच्छेदनाच्या औषधाने वास मारतो. कुणाचा घामेजलेला असतो, म्हणजे आज तोंडी परीक्षा आहे. कुणी मला मांडीवर घेऊन तबला वाजवतो. पुढच्या बाकावरची एक मुलगी मला दोन बोटांनी धरायची, जणू मीच उद्या तिला प्रश्न विचारणार आहे. ती शिकवणाऱ्या मॅडमचा खोकलासुद्धा वहीत उतरवून घेते, असे मुले म्हणत, म्हणून तिचे नाव पडले टिपणबाई.

इथे दोन नियम होते. पहिला सगळ्यांना पाठ होता: शंभरातले पंचाहत्तर तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही. दुसरा नियम कारकूनकाकांचा. रोज दुपारी बारा वाजता ते मला टेबलावर आडवी ठेवत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत आणि एकेका नावावरून बोट फिरवत. कुणाच्या नावापुढे लागोपाठ दोन चौकटी रिकाम्या दिसल्या, की लगेच वसतिगृहाला फोन. "अमुक नंबर दोन दिवस दिसलेला नाही. जरा दार वाजवून बघा." मग तिथल्या रेक्टरबाई किंवा रेक्टरसाहेब जाऊन दार वाजवत. बहुतेक वेळा आतून जांभई देत एखादे ध्यान बाहेर येई आणि काकांच्या नावाने बोटे मोडी. मुलांनी काकांना 'चौकशीखाते' असे नाव ठेवले होते. काका हसून म्हणत, "ठेवा नावं. पण दार उघडत जा."

एकदा मात्र दार उघडले नव्हते. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगा न्हाणीघरात घसरून पडला होता, मांडीचे हाड मोडले होते आणि त्याच्या हाकेला जवळपास कुणी नव्हते. काकांच्या फोनमुळे तो सापडला. त्या वर्षीच्या सभेत प्राचार्यांनी काकांचा सत्कार केला आणि काकांनी मला हातात धरून फोटो काढला. "फोन मी केला, पण रिकामी चौकट हिनं दाखवली," ते म्हणाले. त्या दिवशी मला नवे पॉलिश मिळाले. मी नुसती फुगून गेले होते. लाकूड फुगले की पुढे तडकते, हे तेव्हा कुठे माहीत होते?

तुम्ही विचाराल, मुले तासाला का येत? मी सगळ्यांच्या मांडीवर बसून आले आहे, मला सगळे ठाऊक आहे. कुणी खरेच शिकायला येत, ते थोडे. कुणी पंचाहत्तरांच्या धाकाने येत. तिसऱ्या रांगेतला एक जण केवळ चौथ्या रांगेतली एक जण येते म्हणून येई, आणि ती यायची बंद झाली तसा तोही बंद झाला. उन्हाळ्यात तिथल्या थंडगार हवेत झोप छान लागते म्हणून येणारेही होते. पूर्वीच्या एका म्हाताऱ्या सरांच्या तासाला तर इतर वर्षांची मुलेसुद्धा पायऱ्यांवर बसत. सर खडू हातात घेऊन रुग्णाची गोष्ट सांगायला लागले, की मी अर्ध्या वाटेतच कुणाच्या तरी हातात अडकून राही. पुढे सरकवायचे भानच राहत नसे.

ते सर निवृत्त झाले. पडदा आला. आताच्या मॅडम हुशार, पण पडद्याकडे तोंड करून पडद्यावरचे वाचायच्या, आणि तेच पडद्यावरचे दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर यायचे. मग सकाळी आठला आंघोळ करून कोण येतो? हळूहळू बाके ओस पडली. गंमत अशी, की बाके रिकामी आणि माझ्यावरचा कागद मात्र भरगच्च. ही किमया शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची. त्याला सगळे सहीबहाद्दर म्हणत.

काय त्याचा हात होता! कुणाची सही फाटकी, कुणाची वेलबुट्टीची, कुणाची नुसतीच वळवळ. सगळ्या त्याला तोंडपाठ. मॅडम पडद्यावरची दोन पाने वाचून होईपर्यंत तो चाळीस सह्या करून मोकळा. त्याबद्दल त्याने कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. स्वभावच असा, की अडल्यानडल्याला पहिला धावणार. कुणी रात्री वॉर्डात थांबलेला, कुणाची परीक्षा तोंडावर, कुणाला नुसताच कंटाळा. सहीबहाद्दर सगळ्यांचा सोयरा. खोटे कशाला बोलू, मलाही त्याची गंमत वाटायची. इतके निरनिराळे हात माझ्यावर उमटायचे आणि पेन एकच! मी मनात म्हणायचे, वा रे पठ्ठ्या. माझे हे वाक्य मला आता आठवले तरी लाज वाटते.

आता त्र्याण्णव नंबरबद्दल सांगते. ती फार कमी बोलायची आणि सगळी पुस्तके एकाच थैलीत घालून पाठीवर वागवायची, म्हणून मुले तिला गोगलगाय म्हणत. त्याचा तिला राग नव्हता. तिची सही वेडीवाकडी होती, मुंगी चालत गेल्यासारखी. शेवटी एक टिंब द्यायची, तेही इतके जोरात दाबून, की कागदाखाली माझ्या अंगावर खड्डा पडे. वर्षाच्या सुरुवातीला तिच्या आईचे ऑपरेशन झाले. ती तीन आठवडे घरी होती. परत आली तेव्हा कारकूनकाकांनी तिला जवळ बोलावून समजावले, "पोरी, तुझे तास काठावर आलेत. आता एकही बुडवू नकोस हं." काका चांगल्या मनाने बोलले. ती मान हलवून गेली.

म्हणून त्या सोमवारी ती आली.

मी शेवटच्या बाकावर पोहोचले आणि तिने मला हातात घेतले. मित्रांनो, मला चटकाच बसला. तिचा तळहात नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा तापला होता. तिने सही केली, पण सही चौकटीत मावली नाही, घसरत खालच्या नावापर्यंत गेली. टिंब तिने दिलेच नाही. तिने मला पुढे सरकवले आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

मॅडमनी नेमके तेवढेच पाहिले. माईकवरून म्हणाल्या, "मागे झोपायचंच असेल तर खोलीत झोपा. इथे कशाला आलात?" वर्ग हसला. ती ताठ बसली. शेजारी सहीबहाद्दर होता. ती हळूच त्याला म्हणाली, "डोकं फुटतंय रे. हा पडद्याचा उजेडसुद्धा सोसत नाही. उद्या नाही जमलं तर... माझे तास आधीच कमी आहेत."

"एवढंच ना?" तो म्हणाला. "तू गपगुमान झोप काढ. तुझी हजेरी माझ्याकडे लागली."

ती हसली. किती सुटल्यासारखी हसली, म्हणून सांगू!

मंगळवारी तिच्या चौकटीत सही आली. मुंगीसारखीच, पण चौकटीच्या बरोबर मधोमध. टिंबसुद्धा होते. पण टिंबाला जोर नव्हता, माझ्या अंगावर खड्डा पडला नाही. इतर खोट्या सह्यांना मी हसायचे, या सहीला हसू आले नाही. मला तो तापलेला हात आठवत राहिला.

बुधवारी पुन्हा तशीच सही. त्या दिवशी बारा वाजता काकांनी मला टेबलावर आडवी ठेवली. त्यांचे बोट एकेका नावावरून खाली येऊ लागले. नव्वद. एक्याण्णव. ब्याण्णव. माझ्या प्रत्येक तंतूतून मी ओरडत होते, काका, थांबा! हा हात तिचा नाही! मुलींच्या बोलण्यात ऐकलंय मी, तिची खोलीतली जोडीदारीण आठवडाभर गावी गेलीय, तिच्या दाराकडे कुणी फिरकलेले नाही, आणि तुमच्या फोनशिवाय फिरकणारही नाही! पण लाकडाला कंठ कुठला? बोट त्र्याण्णववर आले. सोमवारी सही, मंगळवारी सही, बुधवारी सही. काका समाधानाने म्हणाले, "शहाणी पोरगी. एक तास बुडवला नाही." आणि बोट चौऱ्याण्णववर गेले. फोन त्यांच्या कोपराशीच होता.

गुरुवारी मी पूर्ण वर्ग फिरून टेबलावर आले, आणि तेवढ्यात पडद्यावर प्रकाश टाकणारे यंत्र बंद पडले. मॅडमनी बटणे दाबून पाहिली, वायर हलवून पाहिली. वाचायलाच काही उरले नाही. घडीभर त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांना मी दिसले.

"चला, आज प्रश्नोत्तरं," त्या म्हणाल्या. "ज्यांची सही आहे त्यांनाच विचारते. बारा नंबर." बारा उठला. "चाळीस." कुणी उठेना. खसखस पिकली. "अठ्ठावन्न." पुन्हा कुणी नाही. मॅडमची कानशिले लाल झाली. "त्र्याण्णव."

या वेळी कुणी हसले नाही.

"त्र्याण्णव नंबरची सही आहे. कालचीही आहे. परवाचीही. कुठे आहे ही मुलगी?" बोलता बोलता त्यांनी तीन सह्या शेजारीशेजारी पाहिल्या, मग सोमवारची चौकटीबाहेर घसरलेली पाहिली. त्यांच्या अंगठ्याखाली माझी कड होती. तो अंगठा थंडगार पडत गेला. "सोमवारी डोळे झाकून बसली होती, तीच ना ही?"

टिपणबाई उठली. "मॅडम, मी तिला सोमवारनंतर मेसमध्येही पाहिलेलं नाही."

आता इथला नियम असा, की दुसऱ्याची सही करणाऱ्याची परीक्षा जाते. सहीबहाद्दरला ते माहीत होते. शेवटच्या बाकाचे फळकूट मला सांगते, की त्या मुलाने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती. मग तो उभा राहिला.

"ती सही माझी आहे, मॅडम. मंगळवारपासूनच्या सगळ्या माझ्याच."

"ते जाऊ दे. ती कुठे आहे?"

"माहीत नाही. मी मंगळवारी मेसेज टाकला होता, सही झाली, झोप म्हणून. उत्तर आलं नाही. वाटलं, झोपली असेल." मग शब्द जड पायांनी बाहेर आल्यासारखे आले. "सोमवारी म्हणाली होती, डोकं फुटतंय. उजेड सोसत नाही. अंगात ताप होता."

वर्गात तेव्हा पस्तीसएक मुले असतील. सगळी डॉक्टर व्हायला निघालेली. ताप, डोके फुटणे, उजेड न सोसणे, या तिघांची गाठ पडली की काय समजायचे, ते त्यांनी परीक्षेत पानभर लिहिले होते. एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आले. मी पाहिले, टिपणबाईच्या हातातून पेन खाली पडले.

मॅडम धावल्या. मला खाली ठेवायचे त्यांना भानच नव्हते, मी त्यांच्या काखेत. मागे सहीबहाद्दर, मागे टिपणबाई. मुलींच्या वसतिगृहात मुलाला पाऊल टाकायची बंदी, पण त्या दिवशी रेक्टरबाईंनी त्याला अडवले नाही, त्याही जिना चढायला लागल्या. तिसरा मजला. कोपऱ्यातली खोली. दाराबाहेर बादलीत पिळून ठेवलेले कपडे तसेच होते, वाळत घालायचे राहिलेले. त्यांना कुबट वास सुटला होता. मॅडमनी दार वाजवले. पुन्हा वाजवले. आत काही हलले नाही.

दाराच्या वरच्या भागात काचेचे तावदान होते. सहीबहाद्दरने माझ्याकडे पाहिले, मला मॅडमच्या काखेतून ओढून घेतले आणि माझा कोपरा काचेवर हाणला. पहिल्या घावाला मी तडकले, दुसऱ्याला काच फुटली. जन्मात एवढी दुखापत मला झाली नव्हती, आणि एवढे बरेही कधी वाटले नव्हते. त्याने हात आत घालून कडी काढली.

ती पलंग आणि टेबल यांच्या मधे जमिनीवर होती. शेजारी पाण्याची बाटली कलंडलेली. मॅडमनी मानेखाली हात घातला. मान लाकडासारखी ताठ होती. लाकडासारखी म्हणताना मला कसे वाटते, ते तुम्ही समजून घ्या.

"श्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "उचला."

मी त्या खोलीतच राहिले, काचांमध्ये. बऱ्याच वेळाने टिपणबाई आली, मला उचलून पदराने नव्हे, आपल्या पांढऱ्या कोटाने पुसले आणि रुग्णालयात मॅडमकडे नेले. तिथे तापाच्या वॉर्डचे मोठे डॉक्टर बाहेर आले. मेंदूज्वर होता. ते मॅडमना म्हणाले, "काल दुपारी आणली असती तर फार बरं झालं असतं."

काल दुपारी. बारा वाजता. माझ्यावरून ते बोट तेव्हाच तर फिरले होते.

डॉक्टरांचे बोलणे संपले नव्हते. "हा आजार शेजाऱ्यालाही लागू शकतो. सोमवारी तासभर तिच्या मागेपुढे कोण बसलं होतं, मला यादी द्या. त्यांना आजच गोळ्या सुरू करायच्या आहेत." मॅडमनी माझ्याकडे पाहिले. सोमवारच्या रकान्यात एकशे बारा सह्या होत्या. त्यांतल्या खऱ्या किती, हे कागद सांगू शकत नव्हता. मी सांगू शकले असते.

दुपारी दोन वाजता सगळ्यांना व्याख्यानगृहात बोलावले. त्या वर्षी पहिल्यांदा एकही जागा रिकामी नव्हती, त्र्याण्णव नंबरची सोडून. मॅडमनी मला टेबलावर ठेवले, शेजारी लाल पेन ठेवले. त्या म्हणाल्या, "मला कुणाला शिक्षा करायची नाही. मला फक्त खरं हवंय. सोमवारी जो इथे नव्हता त्याने येऊन आपली सही स्वतः खोडायची."

कुणी जागचे हलेना. अशा वेळी पहिला कोण उठणार? जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. मग चाळीस नंबर उठला, खाली मान घालून आला आणि त्याने रेघ ओढली. मग अठ्ठावन्न. मग रांग लागली. मी हात ओळखत होते. ज्यांचा स्पर्श मला वर्षभर झाला नव्हता असे हात पहिल्यांदा माझ्यावर टेकत होते, सगळे घामेजलेले. रांग संपली तेव्हा सोमवारच्या रकान्यात एकतीस सह्या उरल्या. त्यांतले नऊ जण तिच्या आसपास बसले होते. त्यांना तिथेच गोळ्या दिल्या.

मॅडम खुर्चीत बसल्या. "एकतीस," त्या म्हणाल्या. "का येत नाही रे तुम्ही? खरंच विचारते."

एक जण धीर करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पडद्यावरचं वाचता. ते आम्हाला खोलीतही वाचता येतं." दुसरी म्हणाली, "वॉर्डात रुग्ण बघता येतो. तिथे थांबलं की सकाळी उठवत नाही." आणखी कुणी म्हणाले, सही होणार हे माहीत असताना कशाला यायचे? मग मॅडमनी टिपणबाईला विचारले, "आणि तू रोज का येतेस?"

"भीतीनं," ती म्हणाली. "वाटतं, एखाद्या दिवशी नाही आले तर नेमकं तेच सुटेल, आणि पुढे त्यापायी कुणीतरी जाईल. पण मॅडम, हे तर माझ्या वहीत आहे. ताप, डोकं, उजेड. अधोरेखित आहे. आणि ती माझ्याच वर्गात बसते."

मॅडम म्हणाल्या, "मीही भीतीनंच पडद्याकडे बघते. तुमच्याकडे बघायला लागलं की कळतं, कुणी ऐकत नाही. सोमवारी मी एकदाच मागे बघितलं, आणि तेही ओरडायला."

त्यानंतरचे दिवस मी काकांच्या टेबलावर काढले. काका बारा वाजता मला समोर घेत, पण बोट फिरवत नसत. दुसऱ्यांना फोन करण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आता फोन वाजला की दचकत. एकदा मला म्हणाले, म्हणजे स्वतःशीच म्हणाले, "मी तिला शहाणी म्हटलं गं. बोट ठेवून म्हटलं." मी काय बोलणार? आम्ही दोघे एकमेकांसमोर बसून राहत असू. शुक्रवार गेला, शनिवार गेला. ती डोळे उघडत नव्हती. रविवारी कार्यालय बंद असते, तरी काका आले होते. सोमवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी पाच-सहा घंटा होऊ दिल्या. मग उचलला. ऐकत राहिले. ठेवला. माझ्या चिमट्यावर हात ठेवून म्हणाले, "पाणी मागितलं. आणि विचारलं, आज वार कुठला."

मित्रांनो, ती वाचली. पण तिचा डावा कान गेला. आता त्या कानाशी तुम्ही टाळ्या वाजवल्या तरी तिला कळत नाही. सहीबहाद्दरची त्या सहामाहीची परीक्षा गेली. त्याने अर्ज केला नाही, विनवण्या केल्या नाहीत.

दोन महिन्यांनी ती वर्गात आली. केस गेले होते, थैलीही छोटी झाली होती. ती शेवटच्या बाकावर गेली नाही. पहिल्याच बाकावर बसली, अगदी डाव्या टोकाला, म्हणजे उजवा कान मॅडमकडे राहील अशी. मॅडम आता पडद्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि मुलांकडे बघत बोलतात. सगळ्यांनाच ते जमून गेले असे नाही. बाके अजूनही निम्मी रिकामी असतात. पण रिकाम्या बाकांच्या चौकटीही आता रिकाम्या असतात.

सहीबहाद्दर तिच्याजवळ आला, उजव्या बाजूला, आणि नुसता उभा राहिला. तिनेच विचारले, "माझ्या त्या तीन दिवसांच्या सह्या खोडल्या ना?"

"खोडल्या."

"बरं केलंस. मी नव्हतेच तिथे," ती म्हणाली.

तो आता एकही तास चुकवत नाही. व्याख्यानासाठी येतो असे म्हणवत नाही. मी शेवटच्या बाकावर पोहोचले की तो मला घेतो, आपली एकच सही करतो, मग रिकाम्या चौकटींवरून बोट फिरवतो आणि उठून मोठ्याने विचारतो, "सदुसष्ट आला नाही. कुणी पाहिलंय का त्याला? आज?" कुणी म्हणते, वॉर्डात आहे. कुणी म्हणते, घोरत होता. कुणीच काही म्हणाले नाही, तर तास संपल्यावर तो स्वतः जाऊन दार वाजवतो. मुलांनी त्याला नवे नाव ठेवले आहे, धाकटे चौकशीखाते. काकांना त्याचा फार अभिमान वाटतो.

माझा कोपरा तडकलेलाच आहे. काका म्हणाले, बदलू या. मग त्यांनीच नको म्हटले. आता माझ्या जागी अंगठा घेणारे यंत्र येणार, अशी कुणकुण आहे. येऊ दे. मला जपा, पॉलिश करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी विनवणी वेगळी आहे. तासाला या किंवा येऊ नका, ते तुमचे तुम्ही बघा. पण जो नाही, त्याची चौकट भरू नका. मैत्रीपोटी भरू नका, दयेपोटी तर मुळीच नाही. ती रिकामी दिसली, तरच कुणीतरी दाराकडे धावेल.

ती परत आली त्या सकाळी, तिच्याशी बोलून सहीबहाद्दर जागेवर गेला आणि मी पहिल्या बाकावर तिच्यासमोर आले. मी जीव मुठीत धरून होते. तिने मला उचलले. हात कोमट होता, कुणाचाही असतो तसा. तिने त्र्याण्णव नंबरपुढे मुंगी काढली आणि शेवटी टिंब दिले. खड्डा पडला.